नऊ मिनिटांचा चॅम्पियन

सोमवार, ३ मार्च

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओबाईंनी वही हातात ठेवली आणि म्हणाल्या, रोज काय दुखतं ते लिहीत जा. बाई भोळ्या. काय दुखत नाही ते लिहा म्हणाल्या असत्या तर एका पानात भागलं असतं. ही तिसरी वही आहे.

आज: उजवा गुडघा, कंबर, डावं कोपर. जबडा बरा.

रविवारी दुपारी बेल्टची कुस्ती आहे, आमच्या चॅम्पियन वादळबरोबर. मालकांनी बोलावून सांगितलं, "भिंत, बाराव्या मिनिटाला पडायचं." जसं काही मला नवीनच आहे. बावीस वर्षं पडतोय. रिंगमध्ये माझं नाव भिंत, त्यामुळे मी आत पाय ठेवला की लोक आधीच ओरडायला लागतात, "भिंत पडली! भिंत पडली!" आणि तीन मोजून झाले की माइकवाला ओरडतो, "भिंत उठली नाही!" कोण जिंकणार ते आमच्याकडे आधी ठरतं, पण पडणं खरं असतं. फळ्या, त्यावर बोटभर गादी, त्यावर ताडपत्री. एकशे अठरा किलो त्यावर आपटले की ते आधी ठरलं होतं हे मणक्याला कोण सांगणार?

घरी हिला सांगितलं. ही हॉस्पिटलात एक्स-रे काढते, लग्नाआधी माझा पहिला फोटो तिने काढला तो बरगड्यांचा. म्हणाली, "बेल्टची कुस्ती? मग यंदा जरा मानाने पडा."

शुक्रवार, ७ मार्च

सराव झाला. दुखतं: कंबर.

अकराव्या मिनिटाला मी वादळला डोक्यावर उचलून आपटायचं, अंगावर आडवं पडायचं, मामा एक-दोन मोजणार, दोनला वादळ खांदा उचलणार, तीन झाले तर तो हरला. मग तो उठून मला झोपवणार. पोरगं हलकं आहे, हवेत सोडलं तर मांजरासारखं पडतं. सहा वर्षांपूर्वी माझ्याकडेच शिकायला आलं होतं. पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट शिकवली: मनगट. अंगावर पडलास की समोरच्याचं मनगट दाबायचं. त्याने परत दाबलं तर तो ठीक आहे. नाही दाबलं तर खेळ खलास. बाजूला व्हायचं, पंचाला हातांची फुली करून दाखवायची, मग कॅमेरा चालू असो नाहीतर बेल्ट पणाला असो. आमच्यात कुणी कागदावर सही करत नाही. एवढं मनगटावरच चालतं.

मामा म्हणजे आमचे पंच. मामा कुणाचेच नाहीत, सगळ्यांचेच आहेत. एकसष्ट वर्षांचे, त्यातली चौतीस पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात गेली. चौतीस वर्षांत एक मोजणी चुकली नाही याचा त्यांना कोण अभिमान! सरावात पुन्हा ऐकवलं, "ठरलेलं तुमच्यापाशी. खांदा खाली दिसला तर मी मोजणार. मग तो कुणाचाही असो."

वादळ हसत म्हणाला, "दादा, एकदा तुम्हीच बेल्ट घ्या ना. मी पडतो."

"गप रे," म्हटलं. पण आंघोळ करताना तेच डोक्यात होतं.

रविवार, ९ मार्च

नऊ मिनिटं चॅम्पियन होतो.

काही दुखत नाही.

सोमवार, १० मार्च

नीट लिहून काढतो, नाहीतर डोक्यात भुंगा फिरत राहील.

अकराव्या मिनिटाला उचललं. माझा गुडघा ऐन वेळी कुरकुरला आणि वादळ तिरका सुटला. मानेवर पडला. मी ठरल्याप्रमाणे आडवा झालो. मनगट दाबलं. उत्तर आलं असं वाटलं. हॉल नुसता पेटला होता, त्या गोंगाटात बोटांना काय कळतं! मामा पोटावर पालथे पडले, एक मोजला, दोन मोजला. खांदा उठला नाही. मामांचा हात वर गेला आणि तिसऱ्याला अडखळला. हवेतच राहिला. मग पडला.

मामांचं आता वय झालंय, खरंच.

बावीस वर्षं मी तीन खालून ऐकलंय, कान मॅटला लागलेला असतो, फळीतून आवाज डोक्यात शिरतो. वरून ऐकलं तर इतका लहान वाटला! टेबलावर कुणी पुस्तक ठेवावं तेवढाच.

मग सगळं भराभर झालं. मामांनी डॉक्टरकडे फुली केली. बेल्टच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला काही कळेना, त्याने बेल्ट आणून माझ्या हातात दिला. कमरेला लावायला गेलो तर बसेना, भोकं वादळच्या कमरेची. खांद्यावर टाकला. आणि हात वर केले. लोक उभे होते. "भिंत पडली" कुणी म्हणत नव्हतं.

पुढे माइकवर जाहीर झालं की वादळचा पाय दोरावर होता, म्हणून मोजणी धरायची नाही, निकाल रद्द. पाय दोराच्या जवळपाससुद्धा नव्हता, पण मालकांना काहीतरी सांगणं भाग होतं. बेल्ट परत दिला.

ही रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "त्याने हाताने काही खुणावलं नाही?"

"परत दाबलं ना त्याने," म्हटलं.

तिने ताट उचललं. माझं व्हायचं होतं अजून.

बुधवार, १२ मार्च

हॉस्पिटलात गेलो. वादळच्या गळ्याला पट्टा, हनुवटी वर, त्यामुळे पोरगं छताशी बोलल्यासारखं बोलतं. उजवा हात आला. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर. डॉक्टर म्हणतात येतील, कदाचित.

"दादा, सॉरी," म्हणतो. "मी नीट पडलो असतो तर तुमचं असं हसं झालं नसतं."

त्याची आई बाहेर बाकावर होती. मला बघून उठली आणि माझे दोन्ही हात धरले. "डॉक्टर म्हणाले, मानेवर आणखी वजन राहिलं असतं तर पोरगं गेलंच असतं हातचं. तुम्ही होता म्हणून वाचला हो."

"अहो, त्यात काय," म्हणालो. हे शब्द माझ्याच तोंडातून गेले. त्यात काय!

दुखतं: काही नाही. झोप नाही.

गुरुवार, १३ मार्च

दारात एक गृहस्थ. चष्म्याच्या दुकानात काम करतो, पण खरा धंदा म्हणजे याद्या. कोण कधी चॅम्पियन झाला, किती दिवस राहिला, सगळं याच्यापाशी. आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस त्याची यादी वाचतो, मालकसुद्धा चोरून वाचतात. सगळ्यात कमी काळ टिकलेल्यांची त्याची वेगळीच यादी आहे. भक्तिभावाने बोलत होता. कुणी दोन मिनिटं, एक तर बेल्टचं बक्कल लागायच्या आत हरलेला.

"साहेब, तुम्ही आठ मिनिटं बावन्न सेकंद. चौथे!"

अभिनंदन केलं त्याने माझं. सहीसाठी फोटो पुढे केला. मी बेल्ट वर धरलेला, तोंड उघडं, आनंदाने अगदी वेडा दिसतोय. खालच्या कोपऱ्यात स्ट्रेचरचं टोक आणि वादळचा बूट. मला आठवत होतं की मी तेव्हा गोंधळलो होतो. फोटोत कुठेच गोंधळलेलो नाही.

त्याचा कागद बघितला. नाव, तारीख, वेळ आणि शेवटच्या रकान्यात कारण. माझ्यापुढे लिहिलं होतं: पंचाची चूक.

"मामांची कसली चूक?"

"टेप बघितली ना मी. एक आणि दोनच्या मध्ये एक सेकंद. दोन आणि तीनच्या मध्ये तीन. मोजायचं विसरला म्हातारा. कुस्ती थांबवायची होती तर थांबवायची, मोजायची होती तर मोजायची!"

मी सही केली. फोटोवर, माझ्या हाताने.

शनिवार, १५ मार्च

मालकांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. टेप लावली. एक. दोन. मालकांनी तिथे थांबवली, हात हवेत. "हे बघा, मामांनी इथे जरा डुलकी काढली." पोरं हसली. मीही ओठ हलवले असतील, देव जाणे.

मामा म्हणाले, "वय झालं." एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही. शर्ट घडी करून टेबलावर ठेवला. पट्ट्याला पट्टा जुळवून. शाळांच्या स्पर्धांना दर वर्षी पंच म्हणून जातात, तिथूनही नको म्हणून निरोप आलाय, यादी वाचून.

दारापर्यंत त्यांच्या मागे गेलो आणि म्हणालो, "मामा, छत्री विसरलात." छत्री माझीच होती.

रविवार, १६ मार्च

वही माझी, हात माझा, मग खोटं कुणासाठी लिहितोय?

उत्तर आलं नव्हतं. मनगट दोनदा दाबलं. दोन्ही वेळा ते ओल्या टॉवेलसारखं होतं. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. आणि मामांनी मॅटला गाल लावून विचारलं, "बरा आहे ना रे तो?" आणि मी मान हलवली. हो म्हणून.

का? एकदा तीन वरून ऐकायचं होतं. दुसरं काही कारण नाही, कितीही शोधलं तरी.

लाज वाटते. अंगावरची त्वचा काढून ठेवावी अशी लाज वाटते.

मंगळवार, १८ मार्च

हिला सांगितलं. ती कपडे घडी करत होती.

"रविवारीच कळलं मला," म्हणाली. "फिल्म मीच काढली त्याची. त्या हाताला वाटी उचलायची ताकद नव्हती, आणि तुम्ही म्हणता त्याने परत दाबलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते." तिने माझी बनियन माझ्या अंगावर टाकली. "नऊ दिवस लावलेत. आता मला सांगून काय उपयोग? माझी मान मोडली नाही आणि माझी नोकरी गेली नाही. ज्यांची गेली त्यांच्याकडे जा."

गुरुवार, २० मार्च

वादळच्या घरी गेलो. आई दुकानात गेली होती, बरं झालं. पोरगं शर्ट घालत होतं. सांगितलं. जसं झालं तसं.

तो छताकडेच बघत होता. मानेचा पट्टा आहे, दुसरीकडे बघणार तरी कुठे!

"कितीदा दाबलंत?"

"दोनदा."

"आणि वरच राहिलात."

"हो."

"मला सगळं ऐकू येत होतं, दादा. हात हलत नव्हता, पण ऐकू येत होतं. मामांनी विचारलं तेही. मला वाटलं, दादा आहेत वर, आता होतील बाजूला." पुढे म्हणाला, "घाबरलो नव्हतो. तुम्ही होतात म्हणून."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने डावा हात पुढे केला. "मनगटाचं बटण लावता येत नाही. तेवढं लावून द्या. आणि जा."

लावलं. माझी दहाही बोटं धड आहेत, तरी तीनदा सुटलं.

शनिवार, २२ मार्च

मालकांकडे गेलो. म्हटलं, चूक मामांची नाही, माझी आहे. ऐकून मालक खुर्चीतून उठलेच. मला वाटलं कानाखाली बसणार. तर डोळे चमकायला लागले!

"अरे, मग हेच करू! गद्दार भिंत! रिंगमध्ये माइक घे आणि हे सगळं असंच्या असं सांग. मनगट दाबलं, उत्तर आलं नाही, तरी उठलो नाही. लोक खुर्च्या फेकतील! पोरगं बरं झालं की बदला घेईल. वर्षभर हॉल भरेल."

"हे खरं आहे, मालक."

"मग तर फारच छान. पाठ करावं लागणार नाही."

मग सुचलं. म्हटलं, करतो, पण पंच मामाच पाहिजेत. मालक म्हणाले, गोष्टीला तेच लागतील, उद्या घेऊन ये त्यांना.

आज बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं. मामांना परत आणतोय. उशीर झाला, पण भरपाई तर होतेय. हिला सांगितलं तर म्हणाली, "मामांना विचारलंत?" विचारायचं काय त्यात? खूश होतील.

रविवार, २३ मार्च

सकाळी मामांकडे गेलो. खिडकीत बसून पँटची शिवण घालत होते. चष्मा कपाळावर. सुईत दोरा ओवला, एका झटक्यात. मी बघतच राहिलो. या माणसाची नजर गेली, हात थरथरतो, असं आठवडाभर सगळा हॉल म्हणतोय.

आधी मालकांचं सांगितलं, उत्साहाने. शर्ट परत मिळणार, सगळं परत मिळणार.

"म्हणजे तू खरं बोलणार आणि लोक ते खोटं समजून टाळ्या वाजवणार," मामा म्हणाले. "आणि मी शेजारी उभा राहून तोंड वाकडं करणार. नको रे बाबा. चौतीस वर्षं त्या रिंगमध्ये माझी मोजणी एवढी एकच गोष्ट खरी होती. ती राहू दे."

मग मी खाली जमिनीवर बसलो आणि बाकीचं बोललो. मान हलवली ते. उत्तर आलं नव्हतं ते.

"माहीत आहे," मामा म्हणाले. "त्याचं मनगट माझ्या नाकापासून वीतभर होतं. तुझा अंगठा दोनदा दबला ते दिसलं. पुढचं काही दिसलं नाही."

"मग मोजलंत का?"

"खांदा खाली होता. तू हो म्हणालास. वर जो असतो त्याचाच शब्द धरायचा असतो, अंग त्याच्या हातात असतं. तो शब्द धरला नाही तर आपला धंदा उद्या बंद करावा लागेल." सुई थांबली. "धरायला नको होता. तेवढा दोष माझ्याकडे."

"आणि तिसऱ्याला थांबलात ते?"

मामा शिवणीकडे बघत होते. "तुझ्यासाठी वेगळं मोजलं. मनात. म्हटलं, देऊ याला तीन. एक झाला. दोन झाला. मला वाटलं, उठशील."

त्यांनी दाताने दोरा तोडला. मी जमिनीवरून उठायचा प्रयत्न केला तर गुडघा वळेना. मामांनीच हात दिला.

सोमवार, २४ मार्च

सकाळी मालकांना जमणार नाही असं कळवलं. म्हणाले, मग घरी बस. बसतो.

दुपारी यादीवाल्याच्या दुकानात फोन केला. नाव काढून टाका म्हटलं. नाव निघत नाही म्हणाला, झालेलं झालं, फार तर कारणाचा रकाना बदलता येतो, तोही पुरावा असेल तर. म्हटलं, पुरावा मीच. मग सगळं सांगितलं. तो मध्येच एका गिऱ्हाइकाला थांबा म्हणाला आणि कागद ओढल्याचा आवाज आला.

"पंचाची चूक, हे खोडतो," म्हणाला. "पंच तीन सेकंद जाणूनबुजून थांबले. कशासाठी, काय लिहू?"

"वरच्याला उठायला वेळ दिला, असं लिहा."

पेनाचा आवाज ऐकू येत होता. मग थांबला.

"आणि वरच्याने काय केलं, साहेब?"

बावीस वर्षं मी पडलो की माइकवाला जे ओरडतो तेच शब्द तोंडात आले.

"लिहा," म्हटलं. "भिंत उठली नाही."